मड नक

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातला 'म' मला अजून आठवतो. जाड पुठ्ठ्यावर पानभर मोठा, पेन्सिलीने आखलेला. मुलांनी त्याच्यावर कापसाचे बोळे चिकटवायचे होते. 40 मिनिटं बालवर्ग इतका शांत होता की शेजारच्या वर्गातल्या ताई काळजीने डोकावून गेल्या. बोटांना डिंक, केसांत कापूस, एकाच्या तर भुवईवरही. दुपारी सगळे 'म' दोरीवर वाळत घातले, घ्यायला आलेल्या पालकांनी फोटो काढले, आणि मी घरी जाताना मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एक पुठ्ठा उचलून मी विचारलं, "हे काय आहे?"

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "कापूस!"

उत्तर चुकलेलं नव्हतं. त्या 40 मिनिटांत मुलांच्या डोक्यात कापूसच होता. बोळा केवढा करायचा, डिंक किती घ्यायचा, शेजाऱ्याने आपला बोळा पळवला तर काय करायचं. अक्षर म्हणजे नुसती हद्द, जिच्या बाहेर कापूस जाऊ द्यायचा नाही. कोणी मधूनच सुरुवात केली, कोणी खालून, कोणी टोकाकडून. 'म' कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो याचा कुणाच्याच हाताला पत्ता लागला नाही. 'म' हा आवाज त्या पूर्ण तासात फक्त मी काढला, तोही दोनदा. हात फिरे तिथे लक्ष्मी वसे म्हणतात. अक्षराचं तसं नाही.

तेव्हापासून कुठलीही 'कृती' दिसली की मी आधी एकच गोष्ट पाहते. हात चालू असताना मुलाचं लक्ष कशावर आहे? वाचन-लेखनाच्या नावाखाली चालणारं निम्मं काम या एका प्रश्नापुढे टिकत नाही. अक्षराच्या आकारात रंग भरणं, अक्षराला डोळे-मिशा काढणं, चमकी लावणं. ही हस्तकला आहे आणि हस्तकला म्हणून छानच आहे. बोटांना व्यायाम होतो, मुलं खूश असतात. फक्त तिला वाचनाच्या खात्यात मांडू नये.

आता ही पॉलिश पेपरची अक्षरं पाहा. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं. तिथल्या साधनांमधलं हे सगळ्यात साधं साधन. गुळगुळीत पाटीवर खरखरीत कागदाचं कापलेलं अक्षर. मुलाने पहिली दोन बोटं त्याच्यावरून लिहिण्याच्या दिशेने फिरवायची आणि फिरवता फिरवता त्याचा आवाज काढायचा. बस, एवढंच. पण त्यातली खुबी मला फार उशिरा कळली. बोट अक्षरावरून घसरलं की खरखर थांबते. 'चुकलंस' असं ताईंना सांगावं लागत नाही, ते बोटालाच कळतं. मूल डोळे मिटूनही करू शकतं आणि डोळे मिटले की लक्ष आणखीच बोटात उतरतं. कापसाच्या 'म'मध्ये हात आणि ध्यान दोन गावांना गेले होते. इथे दोघं एकाच वाटेने चालतात.

आपल्या लिपीत ही गंमत जास्त जमते, कारण अक्षराचं नाव आणि आवाज वेगळे नाहीत. 'म' म्हटलं की झालं. इंग्रजीतल्या 'डब्ल्यू'ला बिचाऱ्याला स्वतःच्या नावात स्वतःचा आवाजच सापडत नाही.

वाळूचा ट्रे हे याच घरातलं भावंड. फक्त त्याचे दोन नियम मी ठोकर खाऊन शिकले. वाळू पातळ हवी, ट्रेचा तळ बोटाच्या रेघेतून दिसेल इतकीच. जास्त घातली की लेखन संपतं आणि विहीर खोदणं सुरू होतं. आणि तळ गडद रंगाचा हवा, म्हणजे रेघ उठून दिसते. बाकी ट्रेचं मोठेपण हे की तो हलवला की सगळं पुसलं जातं. वहीत चूक मुक्कामाला असते, वाळूत ती पाहुणी असते. कागदाला हात न लावणारी मुलं ट्रेमध्ये बिनधास्त लिहितात ते यामुळेच. (एका मुलासाठी मात्र तो ट्रे म्हणजे ट्रकचा रस्ता होता आणि वर्षभर रस्ताच राहिला. त्याच्याविषयी पुढे.)

मी अक्षरांच्या फार पुढे धावले. त्याआधी कान येतो, आणि कानाच्या बाबतीत आम्हा शिकवणाऱ्यांचं मोठं दुखणं असं की आम्हाला लिहिता येतं. ज्याला लिहिता येतं त्याला शब्द ऐकू येत नाही, दिसतो. टाळ्यांचा खेळ घ्या. शब्द म्हणायचा आणि त्याच्या तुकड्यांवर टाळ्या वाजवायच्या. मी म्हटलं, "कमळ." मुलांनी वाजवल्या दोन टाळ्या. क, मळ. मी म्हणाले, नाही, तीन. क-म-ळ. मुलं गोंधळली. पुढचा शब्द 'बस'. त्यांची एक टाळी, माझ्या दोन. असं आठवडाभर मी त्यांचे बरोबर आलेले कान पिळत होते. कारण बोलताना आपण 'कमळ' दोनच झटक्यांत म्हणतो, 'बस' एकाच. शेवटच्या अक्षरातला 'अ' आपण लिहितो आणि गिळतो. तीन अक्षरं कागदावर आहेत, तोंडात नाहीत.

आता मी दोन वेगळे खेळ ठेवते. टाळ्यांच्या खेळात तोंडात असेल तेवढंच वाजवायचं. नंतर, बऱ्याच नंतर, चौकटींचा खेळ. डॅनिल एल्कोनिन या रशियन मानसशास्त्रज्ञाने रूढ केलेली ही युक्ती जगभर चालते. चित्राखाली एका ओळीत रिकाम्या चौकटी, आणि शब्द हळू ताणून म्हणताना प्रत्येक आवाजाला एक सोंगटी चौकटीत सरकवायची. त्यांच्याकडे एका चौकटीत एक सुटा ध्वनी. मी सुरुवात अक्षरापासून करते. 'बऽऽ' म्हणत एक सोंगटी, 'सऽऽ' म्हणत दुसरी. शब्द असा ताणला की गिळलेला 'अ' बाहेर येतो, आणि मुलांना कळतं की लिहिण्यासाठी शब्द थोडा सावकाश म्हणावा लागतो. सोंगटी सरकवणारं बोट इथे नुसतं काम करत नाही, ते ऐकत असतं.

कानाचीच आणखी एक गोष्ट. 'च'ने सुरू होणारी चित्रं मी एका टोपलीत ठेवली होती आणि त्यात दुसऱ्या अक्षरांची थोडी मिसळली होती. 'च'ची वेगळी काढायची. एका मुलीने 'च'चे दोन ढीग केले. एकात चाक आणि चमचा, दुसऱ्यात चिमणी आणि चेंडू. मी समजावलं की हे सगळे एकच. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आपण ऐकू कमी येणाऱ्या माणसाकडे पाहतो. मग तिने मला म्हणून दाखवलं, "चाक. चिमणी." आणि थांबली. खरंच की! चाकातला 'च' दातांपाशी आहे, चिमणीतला टाळूपाशी. इतकी वर्षं मराठी बोलून, शिकवून माझ्या लक्षात नव्हतं, कारण दोघांचा वेश सारखा. मी दोन ढीग तसेच राहू दिले आणि मधे एक 'च'ची पाटी ठेवली. दोन घरं, पाटी एक. तिला पटलं. 'ज'च्या टोपलीची मी त्यानंतर वाटच पाहत होते.

हाताच्या ताकदीबद्दल बरंच सांगितलं जातं, म्हणून मी थोडक्यात आटोपते. मातीचे गोळे मळणं, कागद टरकवणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, मणी ओवणं, उभ्या फळ्यावर मोठमोठी चित्रं काढणं हे सगळं पेन्सिलीच्या आधीचं आहे. या वयात मनगटातली हाडं पुरती कडक झालेली नसतात, तिथे बरंचसं कूर्चेचंच, म्हणजे मऊ हाडाचंच राज्य असतं. अशा हाताकडून ओळीत, चौकोनात, रेघेला चिकटून पानभर लिहून घेणं म्हणजे शिक्षा. एक युक्ती मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. खडू मोडून द्या. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. पकड शिकवण्यासाठी मी पूर्वी मुलांची बोटं धरधरून बसवायचे, ती दोन मिनिटांत पुन्हा मूठ व्हायची. खडूचा तुकडा ते काम मुकाट्याने करतो. पालक मात्र नवी कोरी पेटी आणून देतात आणि दुसऱ्या दिवशी तुकडे पाहून हळहळतात.

ठिपक्यांच्या अक्षरांशी माझं भांडण आहे ते मिटण्यासारखं नाही. पानावर ठिपक्यांचे दहा 'ग', मुलाने त्यावरून गिरवायचं. दहाही सुबक येतात, पालक वही पाहून समाधानी होतात. पण जवळ बसून पाहा. मूल या ठिपक्यावरून त्या ठिपक्यावर चाललेलं असतं, मुंगीसारखं. 'ग' त्याला दिसतच नाही. करिन जेम्स या अमेरिकी संशोधिकेने सहकाऱ्यासोबत 2012 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अजून वाचता न येणाऱ्या, पाचएक वर्षांच्या थोड्याशा मुलांकडून काही अक्षरं हाताने मोकळी काढून घेतली, काही गिरवून घेतली, काही कळफलकावर दाबायला लावली, आणि मग ती अक्षरं पाहताना त्यांचा मेंदू कसा चालतो ते स्कॅनमध्ये पाहिलं. वाचनाशी ज्यांचा संबंध आहे ते भाग उजळले ते मुख्यतः मोकळ्या हाताने काढलेल्या अक्षरांसाठी. त्यांचा अंदाज असा की मुलांची वेडीवाकडी, दरवेळी निराळी येणारी अक्षरंच कामाची असतात. लांब 'ग', ठेंगणा 'ग', पाय मोडलेला 'ग' असे वीस पाहिले की या सगळ्यांत 'ग' नेमका कुठे आहे ते मेंदूला उमजतं. सुबक गिरवलेल्या दहांमध्ये शोधायला काही उरतच नाही.

म्हणून अक्षर उलटं आलं तरी मी आता दचकत नाही. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच. जन्मल्यापासून डोळ्यांनी हेच शिकलेलं असतं. तोंड फिरवल्यावर बदलणारी वस्तू मुलाला पहिल्यांदा भेटते ती अक्षरांमध्ये. जुनी शिकवण विसरायला थोडा वेळ लागणारच.

बरं, अक्षरं बोटांत आली, कानही तयार झाला, पण हात अजून लिहिण्याइतका बसलेला नाही. या मधल्या काळासाठी माँटेसरींकडे सुटी, उचलता येणारी अक्षरं आहेत. मुलाने शब्द लिहायचा नाही, मांडायचा. त्यांच्या वर्गात चार-पाच वर्षांची मुलं आधी लिहू लागली आणि वाचू लागली ती त्यानंतर. याचं मला फार नवल वाटायचं. आता वाटत नाही. लिहिताना शब्द आपल्या डोक्यातला असतो, फक्त त्याचे तुकडे करायचे. वाचताना दुसऱ्याच्या तुकड्यांतून शब्द ओळखायचा. पहिलं सोपं नाही, पण त्यात निदान आपल्याला काय म्हणायचंय ते आपल्याला ठाऊक असतं.

देवनागरीत सुटी अक्षरं करायची तर मात्रांचं काय, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. प्रत्येक अक्षराची बाराखडी कापायची तर कपाट भरेल. शेवटी मी अक्षरं पुठ्ठ्यावर केली आणि काना, मात्रा, वेलांट्या, उकार पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर. अक्षरावर ठेवल्या की झालं. ही सोय झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एका मुलीने 'पिशवी' मांडायला घेतलं. 'प' ठेवला, पहिली वेलांटी त्याच्या उजवीकडे लावली, आणि मी ती उचलून डावीकडे ठेवल्यावर चिडली.

"मी प म्हणते, मग इ म्हणते. ती मागून येते. तुम्ही पुढे का ठेवली?"

"पहिली वेलांटी आधीच येते."

"का?"

"तशीच पद्धत आहे," मी म्हणाले. इतकं फुसकं उत्तर मी क्वचितच दिलं असेल. घरी जाऊन शोधलं. देवनागरी ज्या जुन्या लिपीतून आली त्या ब्राह्मीत ही इकाराची खूण अक्षराच्या डोक्यावर असायची. शतकांच्या लिहिण्यात ती वाकत, लांबत डावीकडे उतरत आली आणि शेवटी दांडी होऊन अक्षराच्या पुढे उभी राहिली. पाच वर्षांच्या मुलीला ब्राह्मी सांगण्यात काही अर्थ नव्हता. मी सांगून पाहिली. ती खडू शोधायला निघून गेली.

मग आम्ही ते अंगाने केलं. एका मुलाच्या गळ्यात 'प'ची पाटी, दुसऱ्याच्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी वेलांटी. सगळ्यांनी हळू म्हणायचं, "पऽऽ... इऽऽ". म्हणताना वेलांटीवाला मागे उभा. पण 'लिहा' म्हटलं की त्याने धावत वळसा घालून पुढे यायचं आणि 'प'च्या डोक्यावरून हात टाकायचा. दुसऱ्या वेलांटीला धावायचं नाही, ती जिथल्या तिथे मागून हात टाकते. हा खेळ इतका चालला की वेलांटी होण्यासाठी भांडणं व्हायची, 'प' व्हायला कोणी तयार नसे. जिने प्रश्न विचारला होता तिचं समाधान मात्र पूर्ण झालं नाही. तिच्या मते वेलांटी रांग मोडते, आणि रांग मोडणाऱ्याला मी एरवी ओरडते.

शिरोरेघेला आम्ही छप्पर म्हणतो. आधी अक्षरं, मग छप्पर. छप्पर घालणं हे मुलांचं सगळ्यात आवडतं काम, त्यामुळे काहीजण संपूर्ण वाक्यावर एकच लांबलचक छप्पर घालून मोकळे होतात. शब्द तुटतो तिथे छप्पर तुटतं, हे सांगण्याची आयती संधी.

आणि नावं. नावाची चिठ्ठी हा मुलाचा पहिला धडा, कुठलंही पुस्तक त्याच्या नंतर. रोज सकाळी आपली चिठ्ठी शोधून फळ्यावर लावायची, तीच हजेरी. वर्गातली एक मुलगी कुठेही 'स' दिसला, भिंतीवर, डब्यावर, माझ्या पिशवीवर, की हक्काने सांगायची, "हे माझं अक्षर आहे." दुसऱ्या कोणाच्या नावात 'स' निघाला तेव्हा दोन दिवस अबोला होता.

आता तो ट्रकवाला. वाळूत त्याने रस्ते केले, मातीचे टायर केले, सोंगट्यांची गाड्यांची रांग लावली. खरखरीत अक्षरांवरून बोटं फिरवली ती तोंडाने इंजिनाचा आवाज काढत. माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे मी महिनोन्‌महिने 'अजून नाही' असंच लिहीत होते. त्याचं सगळं जग ठोकळ्यांच्या कोपऱ्यात होतं. रोज मनोरा बांधायचा, रोज कोणीतरी धक्का द्यायचं, रोज रडारड. एकदा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, इथे पाटी लावा. मोडू नका म्हणून."

खरं तर मी लिहून देणार होते. हातात कामं होती, लिहून दिलं असतं तर दहा सेकंदात विषय संपला असता. पण त्या क्षणी बहुधा आळसानेच मी म्हणाले, "तूच लिही की."

तो गेला. बराच वेळ आला नाही. मी पाहिलं तर कोपऱ्यात पालथा पडून तो पुटपुटत होता, "मो... मो... म..." आणि भिंतीवरच्या अक्षरांकडे मान वर करून बघत होता. इंजिनाचा आवाज बंद होता. थोड्या वेळाने मनोऱ्याला टेकून कागद उभा राहिला. त्यावर चार अक्षरं, एकावरही छप्पर नाही, 'क' उलटा:

मड नक

मुलं पहिल्यांदा लिहितात ती अशीच, हाडं तेवढी, मात्रा गायब. चार्ल्स रीड आणि कॅरल चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी 1971 साली मुलांच्या अशा स्वतः रचलेल्या लिखाणाकडे गंभीरपणे पाहायला लावलं. ते घसरलेलं लेखन नसतं, मूल काय ऐकतंय याचा तो नकाशा असतो. पूर्वीची मी असते तर लाल पेन काढून काना, मात्रा, उकार भरून टाकले असते. या वेळी पेन खिशातच ठेवलं. चार व्यंजनं, चारही योग्य, योग्य क्रमाने, आणि मधे जागा. ज्या मुलाच्या नावापुढे मी 'अजून नाही' लिहीत होते, त्याने.

दुपारी मनोरा पडला. रडणं ऐकून मी गेले. समोर एक गुन्हेगार उभा होता, वर्गातला सगळ्यात बारका. वाचनाच्या बाबतीत त्याच्याकडूनही मी काही धरून चालले नव्हते.

"मी लिहिलं होतं ना!" ट्रकवाला कागद त्याच्या नाकासमोर नाचवत होता. "लिहिलं होतं ना, मोडू नका!"

बारक्याने कागद हातात घेतला. बोट ठेवलं. एकेक अक्षर सावकाश म्हटलं. मग मान वर करून, अगदी शांतपणे म्हणाला, "इथे मोडू नाहीये. इथे मड आहे."

ट्रकवाल्याने कागद परत घेतला, पाहिला, आणि रडणं अर्धवट सोडून माझ्याकडे वळला.

"ताई, मो कसा करतात?"